तेल्या रोग आलेल्या डाळिंबाच्या बागेची एक विश्रांती: ऑगस्ट २०२४ ते फेब्रुवारी २०२५

१४ ऑगस्टला शेवटची तोडणी झाली. गाडीत पावणेचार टन माल चढला आणि जवळपास तेवढाच बांधाच्या कडेला पडून राहिला. सालीवर तेलकट काळे डाग आणि त्या डागांतूनच उललेली फळं. व्यापाऱ्यानं त्यातलं एकही हातात घेतलं नाही, पायानंच बाजूला सारलं. त्या रात्री मी हिशेबाची वही उघडली नाही.

बाग आमची सांगोला तालुक्यात, दोन एकर डाळिंब, भगवा जातीचं, चौदा बाय दहा फुटांवर. लावली तेव्हा ६२२ झाडं होती, त्या दिवशी मोजली तर ५४७. माझे यजमान शाळेत नोकरीला, त्यामुळे बागेचं सगळं माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. तेल्या मी ऐकून होते, शेजारच्या बागांत बघितलाही होता. आपल्या झाडावर बघणं वेगळं.

विश्रांतीच्या काळात, म्हणजे तोडणीपासून पुढचा बहार धरेपर्यंत, काय करायचं याची वेळापत्रकं भरपूर मिळतात. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांचं वेळापत्रक मी घरात भिंतीला चिकटवलंच होतं. पण त्यातल्या दोन ओळींच्या मधे काय काय बिघडतं, ते कुणी लिहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधीच्या वर्षी आमचं काय चुकलं ते सांगते. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा, धरायचा म्हणून पाणी तोडलं, पानगळ केली, पाणी सोडलं. झाडावरच्या डागी काड्या तशाच, खाली पडलेला पाला तसाच. वरून महागडी औषधं मारत राहिलो. तेल्या हा जिवाणूचा रोग. तो वाळलेल्या पाल्यात, पडलेल्या फळात आणि काडीवरच्या काळ्या खपल्यांत महिनोन्‌महिने तग धरतो आणि पावसाच्या थेंबाबरोबर वर उडतो. आम्ही त्याला घरातच ठेवून दाराला कुलूप लावत होतो.

सप्टेंबरच्या शेवटी कृषी सहायक ताई पाहणीला आल्या. बागेत शिरायच्या आधीच बांधावरच्या ढिगापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तेल्या कुठून येतो म्हणून विचारताय? हा बघा, इथं पेरून ठेवलाय तुम्ही." मी ओशाळले. दीड महिना तो ढीग तिथंच कुजत होता आणि ओढ्याकडून येणारा वारा त्याच्यावरूनच बागेत शिरत होता. ओली फळं पेटत नाहीत, हे करून बघितल्यावर कळलं. शेवटी जेसीबी बोलावला. दोन तास, चोवीसशे रुपये, चार फूट खड्डा, त्यात सगळी फळं आणि वरून माती. हेच तोडणीच्या दिवशी केलं असतं तर वेगळी गाडी लागली नसती, कारण जेसीबी त्याच आठवड्यात शेजारच्यांच्या शेततळ्यावर होता.

परतीच्या पावसात छाटणी करायची नाही हे मात्र आम्ही पाळलं. ओल्या झाडावर कात्री चालवली की प्रत्येक जखम म्हणजे रोगाला उघडं दार. ऑगस्ट ते ऑक्टोबर शेणखत आणि निंबोळी पेंड घातली, उघडीप बघून बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या द्रावणाच्या, दोन फवारण्या काढल्या. या काळात पाणी आणि खत थोडं तरी द्यावं लागतं. विश्रांती म्हणजे उपास नव्हे. झाडानं फळं पोसलेली असतात, त्याला भरून यायला वेळ लागतो. तोडणी झाल्यापासून तीन-चार महिने पुढचा बहार धरायचा नाही, एवढा नियम आम्ही यंदा घालून घेतला. मामांना तो पटला नव्हता. "झाड बसून ठेवलं तर खाणार काय?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. लगेच सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार धरला असता तर दर चांगले मिळाले असते.

याच काळात मर रोगानं वाळलेल्या तीन झाडांच्या शेजारची मुळं उकरून बघितली. बारीक मुळांवर शेंगदाण्याएवढ्या गाठी. सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. माती आणि मुळांचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात दिला, अहवाल यायला एकोणीस दिवस लागले. नमुना देताना माती ओलसर हवी आणि तीत बारीक मुळं हवीत. मी पहिल्यांदा वरची कोरडी माती नेली होती, ती परत करायला लावली. पिशवी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, हेही तिथंच कळलं.

छाटणी २२ ऑक्टोबरला सुरू झाली. टोळी मिळवणं हीच मोठी परीक्षा. दिवाळी तोंडावर, त्यानंतर ऊसतोड सुरू होणार, मग माणूस मिळत नाही. झाडाला चोवीस रुपये ठरले, ५४७ झाडांचे १३,१२८. मुकादमाला आधीच सांगितलं होतं की प्रत्येक झाडानंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, औषधाच्या बादलीत बुडवायची. तो हसला. पहिल्या सकाळी दहा वाजेपर्यंत कुणी बुडवलीच नाही. मग मी स्वतः बादली घेऊन ओळीत उभी राहिले. सोडियम हायपोक्लोराईटचं एक टक्का द्रावण, आणि प्रत्येकाला दोन सिकेटर: एक हातात, एक बादलीत. झाड संपलं की अदलाबदल. असं केलं तर कामाचा वेग कमी होत नाही आणि कुणाची कुरकूरही नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे द्रावण उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून दुपारी नवं करायचं. आणि ते लोखंड खातं, म्हणून संध्याकाळी सिकेटर धुऊन तेलाचा हात द्यायचाच. आम्ही पहिल्या दिवशी दिला नाही, दुसऱ्या सकाळी तीन सिकेटर गंजून जाम.

रोगट काडी डागाच्या दोन इंच खाली कापायची. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात डाग पेऱ्यावर असतो, काडी तिथं काळी पडून पिचलेली असते आणि कधी कधी दोन इंच खाली जावं तर मुख्य फांदीच येते. अशा जागी टोळीतला माणूस माझ्याकडे बघायचा आणि मी मामांकडे. पहिल्या दिवशी आम्ही जपून कापलं. तिसऱ्या दिवशी त्याच ओळींतून परत फिरले तेव्हा नको तितकी दया दाखवल्याचं दिसलं. परत कापलं. कापलेल्या जागांवर बोर्डो पेस्ट त्याच दिवशी लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. उद्यावर टाकायचं नाही.

२५ ऑक्टोबरला खालच्या पट्ट्यात खोडाशी पिठासारखा भुसा दिसला. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. हा शॉट होल बोरर, खोड पोखरणारा बारीक भुंगेरा, आमच्याकडे नुसतं पिन होल म्हणतात. काही वर्षांपूर्वी तालुक्यात बागाच्या बागा उपटल्या गेल्या, त्यात मरीबरोबर याचाही हात होता. अकरा झाडांवर सापडला. सहा झाडं आतून पोखरलेली, ती मुळासकट काढली. पाच वाचवायची ठरवली.

आणि इथंच घरात भांडण झालं. उपटलेली खोडं आणि छाटणीच्या जाड काड्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोठ्यामागं नीट रचून ठेवल्या होत्या. वर्षभराचं सरपण. दरवर्षी असंच होतं, त्यात त्यांची काय चूक? पण हा भुंगेरा कापलेल्या लाकडातही जगतो आणि तिथून परत झाडावर येतो. गोठा बागेपासून चाळीस पावलांवर. मी सांगितलं, मामांनी सांगितलं, यजमानांनी मोबाईलवर फोटो दाखवले. आत्या म्हणाल्या, "तुमच्या किड्याला माझीच चूल दिसली व्हय?" दोन दिवस बोलणं बंद. २८ तारखेच्या संध्याकाळी सगळं पडीक तुकड्यात नेऊन पेटवलं. आत्या लांब उभ्या होत्या. "डाळिंबाचं लाकूड लई झटकन पेटतं," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या. नंतर बाभळीच्या लाकडाची एक खेप विकत आणली, ती मी खर्चात धरली आहे.

दुसऱ्या दिवसापासून खोडं रंगवली. चार किलो गेरू दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी त्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि शिफारशीतलं कीटकनाशक. कीटकनाशक कोणतं आणि किती, हे त्या वर्षीच्या वेळापत्रकावर आणि बाटलीच्या लेबलवर बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका, कारण परवानगी असलेल्या औषधांची यादी बदलत असते. जमिनीपासून दोन-अडीच फूट, सगळ्या बाजूंनी, फांद्यांच्या बेचक्यासकट. रंगाऱ्याचा चार इंची ब्रश सगळ्यात बरा. हातमोजे घालाच. आम्ही दिवाळीच्या फराळाला तांबडी नखं घेऊन बसलो होतो.

ताण, म्हणजे बहारासाठी पाणी तोडणं, २० नोव्हेंबरला सुरू केला. विधानसभेच्या मतदानाचा दिवस, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. मतदान करून आले आणि ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद केला. मुरमाड जमिनीला तीस-पस्तीस दिवस ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीला चाळीस-पंचेचाळीस किंवा जास्त. आमची वरची बाजू मुरमाड, ओढ्याकडची पट्टी काळी. म्हणजे एकाच बागेत दोन कॅलेंडरं.

आता खरं अवघड काम. फवारणी करणाऱ्याला काही तरी करतोय असं वाटतं. ताण म्हणजे रोज सकाळी जाऊन झाडं कोमेजताना बघायची आणि काही करायचं नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात. मामा दिवसाआड व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहायचे. मी वहीत तारखा लिहायची, बाकी करण्यासारखं काही नसायचंच.

पानं पिवळी पडू लागली होती आणि ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. कुठं पुदुच्चेरी, कुठं सांगोला! पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आभाळ आलं, थंडी गायब झाली आणि दोन दिवस भुरभुर पाऊस. मोजायला गेलं तर काहीच नाही, पण ताणावरच्या झाडाला तेवढं पुरतं. ११ डिसेंबरला काळ्या पट्टीत शेंड्यांवर तांबूस फूट दिसली. दोन आठवड्यांचा ताण पाण्यात गेला. त्या दिवशी मी खरंच रडले, आणि नंतर एका कृषी पदवीधर मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, फूट काढत बसू नकोस, ताण लांबव, आणि आभाळ सरकल्याबरोबर बोर्डो मार. तसंच केलं.

बोर्डोचीही एक गोष्ट आहे. एक टक्का म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आम्हाला एका फवारणीला सहाशे लिटर लागतं. प्लास्टिकच्या दोन ड्रममध्ये दोन्ही वेगळं विरघळवायचं आणि मग तिसऱ्यात एकत्र ओतत ढवळायचं. दुकानातून आणलेली चुन्याची पुडी जुनी होती. द्रावण झाल्यावर मामांनी सवयीनं विळा बुडवला आणि बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर. म्हणजे चुना कमी पडला, द्रावण आम्ल आहे, पानं-काड्या भाजणार. आणखी चुना घालत गेलो, विळा स्वच्छ निघेपर्यंत. कळीचा ताजा चुना आणून घरी विझवणं सगळ्यात चांगलं. गाळायला जुनं धोतर वापरा, नाहीतर नोझल तुंबून दुपार जाते. आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, दुसरं कुठलंही औषध त्यात मिसळायचं नाही.

डिसेंबरच्या अखेरीस वरच्या बाजूची निम्म्याहून जास्त पानं आपसूक पिवळी झाली होती. पानगळीला इथ्रेल हे पानं गाळणारं औषध. दुकानदार म्हणाला, वहिनी, लिटरला तीन मिली घ्या, काम पक्कं होतं. मागच्या साली आमच्या वाडीत एकानं असंच पक्कं काम केलं होतं, शेंड्यांपासून फांद्या मागं वाळत आल्या. मी ३१ डिसेंबरला चार झाडांवर दोन मिली इथ्रेल आणि लिटरला पाच ग्रॅम १८:४६:० (डीएपी खत) मारून बघितलं. चौथ्या दिवशी हात लावला की पान गळत होतं. मग ४ जानेवारीला सगळ्या बागेवर तोच डोस. वरची बाजू आठवड्यात उघडी झाली. काळ्या पट्टीत निम्मी पानं हिरवीच राहिली. तिथं डोस वाढवला नाही. थांबलो, आणि राहिलेली बरीच पानं बायकांनी हातानं ओरबाडली.

मधेच फळपीक विम्याची धावपळ. आंबिया, म्हणजे आंबेच, बहाराच्या डाळिंबाची मुदत आमच्याकडे १४ जानेवारी होती. सातबारा यजमान आणि दीर यांच्या सामायिक नावावर, दीर पुण्यात. त्यांनी संमतीपत्राचा फोटो पाठवला, अर्ज भरायच्या केंद्रावरच्या मुलानं सहीचा कागदच मागितला. तो कागद येणाऱ्या माणसाबरोबर ९ तारखेला आला. मग सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. बागेचा जिओ टॅग फोटो मी पानगळीनंतर काढला होता, त्यात नुसत्या काड्या. "बाग कुठाय ह्यात?" त्यानं विचारलं. परत जाऊन असा काढला की ओळी आणि ड्रिपच्या नळ्या दिसतील. ११ तारखेला रात्री साडेनऊला पावती मिळाली. शेतकऱ्याचा हिस्सा त्या हंगामात साधारणपणे विमा रकमेच्या पाच टक्के होता. कागद डिसेंबरमध्येच जमवून ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, संमतीपत्र, आणि ई-पीक पाहणीत डाळिंबाचं क्षेत्र बरोबर चढलंय का ते. हा विमा हवामानाचा आहे. तेल्या आला म्हणून कुणी पैसे देत नाही, ही गल्लत मीसुद्धा दोन वर्षं करत होते.

१२ ते १४ जानेवारी, संक्रांतीपर्यंत, झाडलोट. नऊ बायका, तीन दिवस, साडेतीनशे रुपये रोज: ९,४५० रुपये. खराटे, गोणपाट आणि तीनचाकी ढकलगाडी. ड्रिपच्या नळ्या उचलून झाडावर अडकवायच्या, बोदावरचा, म्हणजे झाडाखालच्या उंच वरंब्यावरचा, पाला ओढून घ्यायचा, झाडावर सुकून लटकलेली बोराएवढी ममी फळं काढायची, सगळं बागेबाहेर नेऊन जाळायचं. "एवढा कचरा वेचायला कुणी मजूर लावतं का?" असं विचारणारे तिघं भेटले. मला विचाराल तर या सहा महिन्यांत तेल्यावर जे काही परिणामकारक केलं ते हेच तीन दिवस आणि ऑक्टोबरमधली ती बादली. बाकी फवारण्या त्यानंतर. झाडलोट झाल्यावर जमिनीवर ब्लिचिंग पावडरचं द्रावण फवारलं. सकाळी लवकर आणि तोंडाला कापड बांधून, कारण वास डोक्यात जातो. शेंड्यांची हलकी छाटणी आम्ही घरच्यांनीच केली, आत्यांसकट. १५ तारखेला उघड्या झाडांवर परत एक टक्का बोर्डो. निळसर काड्यांची ती बाग संध्याकाळी फार विचित्र दिसत होती.

१७ जानेवारीला मामांनी व्हॉल्व्ह उघडला. मी त्यांनाच उघडू दिला. पहिलं पाणी हलकं, दीड तास. इतक्या दिवसांच्या तहानेनंतर झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं की कळी निघण्याऐवजी नुसती फूट जोर धरते. मामांना आणखी एक तास हवा होता.

खतं सोडून सगळा खर्च एकेचाळीस हजारांच्या आसपास गेला. त्यात छाटणी आणि झाडलोटीची मजुरीच साडेबावीस हजार.

वरच्या बाजूला २९ जानेवारीला लाल डोळे फुटले. रात्रीची थंडी होती, त्यामुळे शेजाऱ्यांच्या सांगण्यापेक्षा चार दिवस उशीरच. काळी पट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जागी झाली, विरळ आणि मागेपुढे. २० फेब्रुवारीला पहिली कळी. बरीच नर फुलं, ती गळणारच. पिन होलची पाच झाडं रोज बघते: चौघांच्या खोडाशी भुसा नाही, पाचव्याच्या खाली परवा चिमूटभर सापडला. त्याला परत गेरू लावला आहे आणि वहीत झाडाचा नंबर लिहून ठेवला आहे. तेल्याचं काय ते जूनचा पाऊस पडल्यावर दिसेल. आत्यांनी मात्र विचारून ठेवलंय, ते पाचवं झाड निघालंच तर त्याचं लाकूड तरी चुलीला मिळणार का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.